चार बोटं डिझेल

काटा खाली टेकल्यावर गाडी आणखी किती जाते, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात ते बहुधा गाडी थांबल्यावर. माझं पंप-नोझलचं दुकान आहे, नाशिकजवळ, हायवेला लागून. ट्रक-टेम्पोचे डिझेल पंप खोलायचे, नोझल तपासायचे, कॅलिब्रेशन करून परत बसवून द्यायचे, हा धंदा. त्यामुळे कोरड्या पडलेल्या गाड्यांशी माझं नातं पोटापाण्याचंच आहे. तरी ‘लाल रेषेच्या खालीसुद्धा वीस-तीस किलोमीटर जातेच ना हो?’ असं कुणी विचारलं की मला तोंडावर आकडा सांगता येत नाही. ज्यांनी मला हा हिशेब शिकवला ते आकडा कधीच आधी सांगत नसत. ते उलट विचारायचे: माल किती भरलाय? पुढं चढ का उतार? टाकी गोल का चौकोनी? नळी कुठल्या अंगाला? एवढं सांगितलं की मग बोटं मोजून उत्तर द्यायचे, आणि ते सहसा चुकत नसे.

आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. हायवेवर सगळेच ड्रायव्हर वस्ताद असतात, पण ह्यांना शेठसुद्धा वस्तादच म्हणायचे.

गोष्ट १९८०च्या दशकाच्या शेवटची. मी दहावी पास झालो होतो आणि पुढे शिकवायची घरात ऐपत नव्हती. चुलत्यांनी ओळखीच्या एका शेठच्या गाडीवर किन्नर म्हणून, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस म्हणून, चढवून दिलं. टाटाची १२१०. टेल्कोचा जर्मन कंपनीशी असलेला करार १९६९ सालीच संपला होता, बॉनेटवरचा तारा कधीचा गेला होता, पण वस्ताद तिला मर्सिडीजच म्हणायचे, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. खेप ठरलेली: लासलगाव-पिंपळगावचा कांदा भरायचा, कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटला टाकायचा, येताना मिळेल ते भाडं घेऊन परतायचं. नाहीच मिळालं तर बारदान.

वस्ताद पाथर्डीकडचे. अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. शाळा दुसरी-तिसरीपर्यंत. मी दहावी झालेला म्हणून मला ‘मॅट्रिक’ म्हणायचे. ‘ए मॅट्रिक, रस्सी ओढ.’ ‘मॅट्रिक, फाळका नीट लागला का बघ.’ पहिले काही दिवस मला त्यात टोमणा वाटायचा. गाडीचं डिझेल त्यांनी कधी हात धुवायलाही घेऊ दिलं नाही. फिल्टर साफ करताना निघालेलं काळं डिझेल एका पत्र्याच्या डब्यात साठवायचे आणि ग्रीसने बरबटलेले हात त्यात बुडवायचे, मग मातीने घासायचे. बाकीचे किन्नर टाकीला नळी लावून मगभर काढायचे ते बघून मला आपलं नशीब फुटकं वाटे.

गाडीचा काटा मेलेला होता. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचा असायचा. टाकीत तरंगणारा गोळा, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला तारेची गुंडाळी. गचके खाऊन ती तार कधीतरी तुटतेच. वस्तादांकडे काठी होती. वेळूची, टाकीच्या तोंडातून तळाला टेकेल एवढी, आणि तिच्यावर चाकूने खाचा. या खाचा त्यांनी स्वतः पाडल्या होत्या. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून घेतली, मग पंपावर दहा-दहा लिटर टाकत गेले आणि दर वेळी काठी घालून जिथे ओल दिसली तिथे खाच केली. मी ती काठी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला हसू आलं. खाचा सारख्या अंतरावर नव्हत्याच. तळाशी लांब लांब, मधे दाट, वर पुन्हा लांब. मी मॅट्रिक असल्यामुळे ‘वस्ताद, खाचा वाकड्यातिकड्या पडल्यात’ असं सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, ‘टाकी गोल आहे बाबा.’ एवढंच. आडव्या गोल टाकीत तळाची चार बोटं आणि मधली चार बोटं यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो, हे वर्तुळखंडाचं सूत्र वापरून मी पुढे कागदावर काढलं. आमच्या एकशे साठच्या टाकीत पोटाजवळच्या चार बोटांत अठ्ठावीस-एकोणतीस लिटर मावायचं, तळाच्या चार बोटांत तेरा-चौदा. काटे असलेल्या गाड्या पाव टाकीवरून एकदम खाली घसरल्यासारख्या का वाटतात, ते यातून कळतं.

आणि ते तेरा-चौदाही सगळे आपले नसतात. डिझेल ओढणारी नळी तळाला टेकवत नाहीत, इंच-दीड इंच वर ठेवतात. कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं. पावसाचं, दमटपणाचं जे पाणी टाकीत जातं ते खाली बसतं, त्याबरोबर गंज, माती, गाळ. नळीच्या खालचं डिझेल हे त्या गाळाचं. वस्ताद म्हणायचे, ‘ते तिचं आहे, आपलं नव्हं.’

आता डिझेल वाचवण्याचा मामला काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेठ गाडीला ॲव्हरेज बांधून द्यायचे. भरल्या गाडीला लिटरला इतके किलोमीटर, रिकाम्या गाडीला इतके. त्या हिशेबाने खात्याच्या पंपावर चिठ्ठी द्यायचे. डिझेल कमी पडलं तर ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे. उरलं तर ते ड्रायव्हरचं. बहुतेक ड्रायव्हर उरलेलं डिझेल ढाब्यामागे नळी टाकून विकायचे. वस्ताद विकत नसत. चिठ्ठीतले जेवढे लिटर टाकीत मावले नाहीत तेवढ्याचे पैसे पंपावाल्याकडून रोख घ्यायचे. याला चोरी म्हणणारे मला भेटले आहेत, त्यांत दोन-तीन मालकही आहेत. मला ते पटत नाही. ॲव्हरेज मालकाने बांधलं, तोट्याचा धनी ड्रायव्हर ठरवला, मग नफ्याचा धनी कोण असणार? उलट या पद्धतीत दोष असला तर तो निराळाच आहे. चार पैसे सुटावेत म्हणून ड्रायव्हर घाटात गाडी न्यूट्रलवर सोडतो, आणि दहा वेळा सुटल्यावर अकराव्यांदा दरीत जातो.

वस्ताद न्यूट्रल करत नसत. कसाऱ्यात भरला कांदा घेऊन उतरताना आमच्या बाजूने गाड्या सळसळत जायच्या, मागचे हॉर्न मारून शिव्या द्यायचे, आणि आमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत उतरायची. मी एकदा विचारलं, ‘वस्ताद, डिझेल जळतंय की हो फुकट.’ त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागे दाखवलं. ‘सायलेन्सर बघ. धूर आहे का? आवाज ऐक, कसा येतोय. कोरडा. ती आता काही खात नाही. न्यूट्रल केली की खायला लागेल.’ मला ती ड्रायव्हरी अंधश्रद्धा वाटली होती. पुढे शिकायला गेल्यावर पंप पहिल्यांदा टेस्ट बेंचवर चढवला तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. बेंचवर सहा नोझलच्या खाली काचेच्या सहा नळ्या असतात, त्यांवर खुणा असतात. पंप फिरतो, डिझेल नळ्यांत साठतं, कुठल्या सिलिंडरला कमी-जास्त जातंय ते वाचता येतं. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि पंपाचा वेग मात्र आयडलपेक्षा वरचा ठेवला, की गव्हर्नर रॅक मागे खेचतो आणि सहाही नळ्यांत थेंब पडायचा थांबतो. उतारावर गिअरमध्ये असलेल्या गाडीचं नेमकं हेच होतं: चाकं इंजिनाला फिरवतात, पंप डिझेल सोडत नाही. न्यूट्रल केली तर इंजिन आयडलवर येतं आणि तेवढ्यासाठी पंपाला डिझेल सोडावंच लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून जे वाचवतात ते वाचत नाहीच, थोडं जास्तच जातं. हे सांगून मी आजवर किती ड्रायव्हरांशी वाद घातला असेल. निम्म्यांना अजून पटत नाही.

खेपा चालू होत्या आणि दरम्यान मी कुणाला न सांगता आयटीआयचा अर्ज भरला होता, मेकॅनिक डिझेलचा. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. दुसऱ्या यादीत लागलं, आणि फी भरायची मुदत दोन दिवसांची होती, दुपारी बारापर्यंत. हे मला कळलं तेव्हा आम्ही वाशीला माल उतरवत होतो. घरून मार्केटातल्या एका गाळ्यावर फोन आला होता. फी, खोलीची अनामत, खानावळीचा पहिला महिना असं सगळं मिळून जी रक्कम होत होती तिच्या चौथ्या हिश्श्याएवढेही पैसे माझ्याकडे नव्हते. मी विषय सोडून दिला. रात्री जेवताना मार्केटमधल्या हमालाने तो वस्तादांना सांगितला.

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. मागच्या खेपांच्या वाचलेल्या डिझेलचे पैसे, आणि भत्ता. मोजले. मला विचारलं, ‘किती म्हणतोस?’ मी सांगितलं. पुन्हा मोजले, पिशवीला गाठ मारली आणि परत खिशात ठेवली. ‘जमतंय,’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत नाशिकला पोचणं, म्हणजे वेळेत पोचणं, सहज शक्य होतं. बारदान भरलं, निघालो. जुलै महिना होता. भिवंडीच्या अलीकडे पाणी भरलं होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. ती रांग पुढची सगळी रात्र आणि दिवस आम्हाला खाऊन गेली. दहा हात सरकायचं, थांबायचं, पुन्हा सेल्फ मारायचा. बॅटरीची भीती वाटली की इंजिन चालूच ठेवायचं. रांग सुटली तेव्हा संध्याकाळ झाली होती. शहापूरच्या पुढे वस्तादांनी गाडी कडेला घेतली आणि काठी घातली. बघितलं, पुसली, परत घातली. काही बोलले नाहीत. कसाऱ्याला घाटाच्या तोंडाशी रात्री दोनच्या सुमाराला पुन्हा थांबवली. या वेळी बॅटरी मी धरली होती. तळापासून चार बोटं ओली होती.

शेठचा खात्याचा पंप विल्होळीला, नाशिकच्या तोंडावर. तिथपर्यंत पोचलो की चिठ्ठीवर टाकी गच्च. वाटेत डिझेल घ्यायचं तर रोखीने, आणि त्या रोखीचे पैसे शेठच्या हिशेबात कधी निघतील ते देव जाणे. शहापूरला पंप उघडा होता, मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘वस्ताद, वीस लिटर टाकून घेऊ.’

‘पैसे कुठले?’

‘खिशात आहेत की.’

‘ते खर्चून झालेत,’ वस्ताद म्हणाले.

गाडी वाटेत कोरडी पडली तर काय व्हायचं हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. शेठचा नियम साधा होता: डिझेलवाचून गाडी उभी राहिली तर ड्रायव्हर घरी, आणि पंपाला इजा झाली तर त्याची दुरुस्ती शेवटच्या पगारातून. नियम कडक होता, पण अगदी बिनबुडाचा नव्हता. पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर बाटलीभर पेट्रोल ओता, चार सेल्फ मारा, चालू होते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात उडालेला फवारा आपोआप पेट घेतो. तो फवारा उडवायला आमच्या गाडीचं नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं. डिझेल दबत नाही म्हणून तो दाब नळीच्या टोकापर्यंत पोचतो. नळीत हवा शिरली की पंप बिचारा हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. शिवाय पंपाच्या आतले एलिमेंट डिझेलच्याच वंगणावर चालतात. दांडा आणि नळकांडं यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या विसाव्या भागाएवढी. गाळ ओढला किंवा कोरडं चाललं की चरे पडतात. असे चरे पडलेले एलिमेंट आज माझ्या दुकानात एका बरणीत भरून ठेवलेत, गिऱ्हाइकाला दाखवायला.

‘पुढं काय काय आहे सांग,’ वस्ताद म्हणाले. मी सांगू लागलो: घाट, इगतपुरीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर. मग घोटी, मुंढेगाव, वाडिवऱ्हे, विल्होळी, ते पस्तीस. त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. माल बारदान, म्हणजे गाडी जवळपास रिकामीच. ‘घाटाची भीती नाही,’ म्हणाले. ‘नळी मागच्या अंगाला आहे. चढावर डिझेल मागं येतं, नळीकडं. उताराला मात्र जपायचं.’

सगळे ड्रायव्हर कसाऱ्याच्या चढाला घाबरतात. रेल्वेलासुद्धा तिथे सदतीसास एक असा चढ आहे, गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आणि हा माणूस इगतपुरीच्या पुढच्या फुटकळ उतारांची काळजी करत होता.

घाट आम्ही एका लयीत चढलो. धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसत नव्हतं. त्यांनी गिअर जितके कमी बदलता येतील तितके कमी बदलले. पॅडल एका जागी ठेवलं की तिथून हललं नाही. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, म्हणून आरशात धूर बघायचं काम माझ्याकडे. मी दर थोड्या वेळाने ‘पांढरंच आहे, वस्ताद’ म्हणायचो. खरं तर धुक्यात मला धूर दिसतच नव्हता. इगतपुरी गेली, घोटी गेली. मुंढेगाव मागे पडल्यावर एका उतारावर इंजिनाचा आवाज पातळ झाला. एक उचकी, दुसरी, आणि शांत.

तिथे मी बघितलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ब्रेकची हवा भरणारा कम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन मेलं की टाकीत आहे तेवढ्याच हवेवर भागवायचं. घाबरून तीन-चारदा ब्रेक मारला की हवा संपली. वस्तादांनी ब्रेकला पाय लावलाच नाही. गाडी तशीच गिअरमध्ये ठेवली, मेलेल्या इंजिनाने तिला धरून ठेवलं, आणि उतार संपून रस्ता सपाट झाला तिथे, शेवटच्या दहा हातांत, एकदाच दाबला. ‘दगड लाव.’ मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला.

मग बॉनेट. पाऊस होता, बॅटरी मी दातांत धरली होती. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाचा हाताचा दट्ट्या दाबायला लागलो. वर, खाली, वर, खाली. आधी नुसतं फुसफुस. मग फेस, पांढुरका, दुधाळ. वस्ताद अंगठ्याने फेस पुसायचे आणि बघायचे. ‘हाण.’ फेस कमी झाला, बुडबुडे मोठे आणि विरळ झाले, आणि मग एकाएकी सोन्यासारखी, अखंड, बोटभर धार. ‘आवळ.’ तेच पंपाच्या स्क्रूला. मग दोन नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ. दोनदा नुसती गुरगुरली. तिसऱ्यांदा नटापाशी थेंब उडाले, आवळले, आणि मर्सिडीज उठली.

डिझेल संपलं नव्हतं. गाडी नाक खाली करून उतरत होती, डिझेल पुढे सरकलं आणि मागच्या नळीचं तोंड उघडं पडलं. सपाटीवर येताच ते परत नळीपाशी आलं. वस्तादांनी हे कसाऱ्यालाच सांगितलं होतं. त्यांनी फक्त गाडी सपाटीवर नेऊन उभी केली. पुढचे उतार ते अगदी बैलाच्या चालीने उतरले.

विल्होळीला उजाडलं. पंपावाल्या पोराने नळी लावली आणि मी मीटरकडे बघत उभा राहिलो. एकशे छप्पन्न लिटर बसलं. एकशे साठमधले एकशे छप्पन्न. उरलेल्या चारातले तीनेक लिटर नळीच्या खालचं, गाळाचं, ‘तिचं’. म्हणजे आमच्या हातात राहिलं होतं लिटरभर; रिकाम्या गाडीला पाच-सहा किलोमीटर. वस्तादांनीही मीटर बघितलं. बंडीतून पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘आंघोळ करून जा. हाताला वास येतोय.’

बारा वाजायच्या कितीतरी आधी मी खिडकीपाशी उभा होतो.

आयटीआयमध्ये आणि नंतर अप्रेंटिसशिपला असताना मी त्या रात्रीचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. आठ टनांची गाडी तीनशे मीटर वर चढवायची, डिझेलमधल्या शक्तीचा फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत येतो असं धरायचं, तर नुसत्या उंचीचे दोन लिटर जातात. टायरचं घर्षण, गिअरबॉक्स, ओला रस्ता यांचा खर्च वेगळा. घाटाचे सगळे मिळून साडेचार. पुढच्या पस्तीस किलोमीटरांचे सहा. एकूण साडेदहा. टाकीतलं वापरण्याजोगं अकरा-साडेअकरा. माझ्या कागदाला एवढं जमायला सूत्रं लागली, बेंच लागला, वर्षं लागली. त्यांनी ते पेरांवर केलं होतं. पण कागद जे सांगत नाही तेही मला त्यातूनच कळलं: त्या हिशेबात चुकीला जागा लिटरभराची होती, आणि त्या लिटरभरावर त्यांनी आपली नोकरी ठेवली होती. अंदाजपंचे ठेवली असती तर मी त्याला धाडस म्हटलं असतं आणि विसरलो असतो. त्यांनी किती जाऊ शकतं ते नीट मोजलं, किती कमी उरतं तेही त्यांना दिसलं, आणि तरी खिशाला हात लावला नाही. त्यांना घरी तीन पोरं होती. त्यांतलं एकही दहावीपर्यंत पोचलं नव्हतं, हे मला फार नंतर समजलं, आणि ते कळल्यावर ती पिशवी मला जास्त जड वाटू लागली.

पैसे मी परत केले. स्टायपेंडमधून साठवून, सगळे एकदम, पिंपळगावच्या मार्केटबाहेर. वस्ताद ‘राहू दे, राहू दे’ वगैरे काही म्हणाले नाहीत. दोनदा मोजले, खिशात घातले आणि म्हणाले, ‘बरोबर आहेत. व्याज?’ मी गडबडलो. ‘पंप येईल तुझ्याकडं. आधी माझा, मग बाकीच्यांचा.’

दुकान टाकल्यावर पंप आला. बंगळूरचा मायको, त्याच गाडीचा. मी एलिमेंट काढून भिंगाखाली धरले. इतकी वर्षं चाललेला पंप, आणि चरे जवळजवळ नाहीत. असा पंप आजही क्वचित येतो. मी पैसे घेणार नाही म्हटल्यावर त्यांनी दुकानात सगळ्यांसमोर मला झापलं आणि पूर्ण बिल दिलं; पावती मागून घेतली. शेठला दाखवायची होती.

आता त्यांचे डोळे गेले नसले तरी रात्रीचे दिवे सोसत नाहीत, गाडी सोडून बरीच वर्षं झाली. गाड्याही बदलल्या. कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो. एकदा कोरडी चालली तर पंपाबरोबर इंजेक्टरही धरावे लागतात आणि बिल ऐकून मालक खुर्चीत बसतो. २०२० सालापासून बीएस-सहाच्या मोठ्या गाड्यांना युरियाची दुसरी टाकी आली. ती संपली की डिझेल काठोकाठ असलं तरी गाडीची ताकद कमी होते. दोन टाक्या, दोन काटे.

मागच्या पावसाळ्यात वस्तादांचा पुतण्या नव्या गाडीवर लागला. मालकही बरोबर होता. दोघं गाडी घेऊन दुकानात आले, आणि म्हाताऱ्याला केबिनमध्ये चढवून बसवलं. पोराने चावी फिरवली आणि पडदा दाखवला: डिझेल इतकं, आणि एवढ्या डिझेलवर गाडी आणखी एकशे दहा किलोमीटर जाईल, असं तिथे लिहून आलं. त्यांना मुंबईला जाऊन त्याच रात्री भरून परत यायचं होतं. वस्तादांनी मला वर बोलावून विचारलं, ‘हा आकडा कुठनं काढती ती?’

मी सांगितलं, मागचे काही किलोमीटर गाडीने जेवढं डिझेल घेतलं, त्या ॲव्हरेजने.

‘म्हंजे मागचं बघून. पुढं घाट आहे हे ठाऊक आहे का तिला? येताना माल किती भरणार ते?’

‘नाही.’

‘मग?’ असं म्हणून ते मालकाकडे वळले आणि समोरच्या पंपावर साठ लिटर टाकल्याशिवाय खाली उतरले नाहीत.